सुभेदार भाऊ, तुमचं मत घ्यायचं राहून गेलं

भाऊ, तुम्ही गेल्यानंतर गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात चार जणांनी भाषणं केली आणि चौघांनीही तुम्हाला देवमाणूस ठरवून टाकलं. शिस्तीचा पुतळा, सत्याचा कैवारी, असं काय काय बोलले. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. तुमचा नाही, माझा. तुम्ही देवमाणूस नव्हता हे त्या अख्ख्या मांडवात मला एकटीला ठाऊक होतं, कारण तुम्हीच ते मला सांगितलं होतं. सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारला होता, धुळ्याला जाऊ का. मी म्हटलं, नका जाऊ. तुम्ही गेला नाहीत. आता तुम्ही कुठेच जाणार नाही, आणि ते उत्तर माझ्या मानगुटीवर बसलंय.

हे मी त्याच रविवारच्या पानात लिहितेय, जिथे माझं सिनेमाचं परीक्षण येतं. तुमच्या लेकीला, शैलाला, आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, छापा, पण त्या माणसाचं नाव बदला. नाव बदललंय. बाकी काही बदललेलं नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी कुठल्याशा युद्धपटाबद्दल लिहिताना नायकाच्या सॅल्यूटला ‘रुबाबदार’ म्हटलं होतं. सोमवारी सकाळी तुम्ही कात्रण घेऊन जळगावच्या आमच्या कचेरीत हजर. पांढरा सदरा, पायात लखलखीत बूट. संपादकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही आधी मला नीट न्याहाळलं, बहुधा परीक्षण लिहिणारी बाई असेल असं वाटलं नसावं, आणि मग म्हणालात, “ताई, त्या माणसाच्या डोक्यावर टोपी नाही. टोपी नसेल तर आपल्या फौजेत सॅल्यूट करत नाहीत. तुम्ही रुबाब कुठे पाहिला?” मी म्हटलं, चेहऱ्यावर पाहिला. तुम्ही म्हणालात, चेहऱ्यानं सॅल्यूट होत नाही. मी तेव्हा चिडले होते. दुसऱ्या शुक्रवारी मात्र मीच तुम्हाला विचारलं, मॅटिनीला येता का.

त्यानंतरची चार वर्षं आपण किती सिनेमे पाहिले ते देव जाणे. लोक बघायचे. तीस-बत्तीसची बाई आणि साठीचा पेन्शनर, नातं ना गोतं. तुम्ही म्हणायचात, बघू द्या, आपणही पडद्यावर दुसऱ्यांचंच बघतो. खिशात केळीच्या वेफर्सची पुडी असायची आणि मध्यंतर होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा हुकूम. सिनेमा संपला की बाहेर चहाच्या गाडीवर उभं राहायचं आणि तुमचा ठरलेला शब्द यायचा, “लहान मेंबर आधी.”

पहिल्यांदा मला कळलं नाही. मग तुम्ही सांगितलंत. कोर्ट-मार्शलमध्ये निकाल द्यायला बसलेले अधिकारी आपापलं मत सांगतात, तेव्हा सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यानं पहिल्यांदा बोलायचं असतं. सगळ्यात वरचा शेवटी. वरच्यानं आधी तोंड उघडलं तर खालचा त्याचीच री ओढणार, म्हणून. आपल्या घराघरांत, भाऊबंदकीत, लग्नाच्या बोलणीत याच्या बरोबर उलटं असतं; आबा, नाना बोलून होईपर्यंत लहान्यानं जमिनीकडे बघत बसायचं. “फौजेनं एवढी एक अक्कल शिकवली,” असं तुम्ही म्हणायचात. मला ते फार आवडलं होतं. माझ्या घरात मला कुणी पहिल्यांदा बोलू दिलं नव्हतं.

मग तो कोर्ट-मार्शलचा सिनेमा आला. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. एक तरुण लेफ्टनंट चौकी सोडून मागे आला, त्यात एक जवान गेला, म्हणून त्याच्यावर खटला. त्याच्या बाजूनं उभा राहणारा एक थकलेला मेजर. आणि साक्षीदार एक सुभेदार, ज्याला खरं काय घडलं ते माहीत असतं.

त्या दिवशी तुम्ही वेफर्सची पुडी काढलीच नाहीत. मध्यंतरात बाहेरही आला नाहीत. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. चहाच्या गाडीवर आल्यावर तुम्ही “लहान मेंबर आधी” म्हणालात ते सुद्धा कपाकडे बघत.

मी सुटलेच. मला तो सिनेमा मनापासून आवडला होता, आणि त्यातलं बरंचसं आजही आवडतं. दोन तास जवळजवळ एकाच खोलीत घडूनही तो कंटाळवाणा होत नाही. त्यात खलनायक नाही. लेफ्टनंटला दोषी ठरवायला निघालेला सरकारी बाजूचा अधिकारी सुद्धा सभ्य आहे, आपलं काम चोख करतो, आणि त्यामुळेच त्याची भीती वाटते. आरोपीला टोपी आणि पट्टा काढून आत आणतात, तेव्हा त्याचा हात सवयीनं कमरेशी जातो आणि तिथे काही नसतं. त्याचा बाप बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन दिवसभर बसतो, तो डबा कुणी उघडत नाही. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं आणि मग म्हटलं, आणि तो शेवट, भाऊ. मेजरच्या दोन प्रश्नांत तो सुभेदार कोसळतो, रडत रडत खरं बोलतो. थेटरातल्या माणसांचे हुंदके ऐकले ना?

तुम्ही कप खाली ठेवलात. “अध्यक्ष आधी बोलला,” तुम्ही म्हणालात. “त्या ब्रिगेडियरनं आधी मत दिलं आणि मग बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. चूक आहे ते.”

“असेल. पण तेवढी एक गोष्ट...”

“तेवढी एक नाही. निकाल असा तिथल्या तिथे लागत नाही. शिक्षा वरच्या साहेबाकडे मंजुरीला जाते, आठवडे जातात. तेवढे दिवस तो माणूस क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसून असतो. आणि साक्षीदार रोज त्याच्यासमोरून थाळी घेऊन जेवायला जातो. हे कुठे दाखवलं?”

तुमचा आवाज चढला होता. गाडीवाला बघायला लागला. मी म्हटलं, सिनेमा म्हणजे नियमांचं पुस्तक नव्हे. तुम्ही म्हणालात, “आणि साक्षीदार असा रडत नाही. दोन प्रश्न ओरडून विचारले की माणूस खरं बोलतो होय? तसं असतं तर वकिलांनी कायद्याची पुस्तकं विकून घसा साफ करायच्या गोळ्या घेतल्या असत्या.” हा विनोद होता, पण तुम्ही हसला नाहीत. मीही हटून बसले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एकदा म्हटलं की म्हटलं. परीक्षणात मी त्या शेवटाला ‘सिनेमाचा कळस’ लिहून मोकळी झाले, वर हेही लिहिलं की खरं बोलायला उशीर झाला तरी ते बोलणारा माणूस मोठाच असतो.

बुधवारी तुमचं पत्र आलं. वाचकांच्या पत्रव्यवहारात छापायला म्हणून, माझ्या टेबलावर. टपोऱ्या अक्षरात दीड पान. अध्यक्षाची चूक, निकालाची घाई, मेसमध्ये उगाच घुसडलेलं गाणं, सगळं मुद्देसूद. सिनेमाचं कौतुकही होतं. टोपी-पट्ट्याचा प्रसंग तुम्हाला माझ्याइतकाच लागला होता. माझ्याबद्दल लिहिलं होतं की ताईंचं परीक्षण चांगलं आहे, पण भरितात तेल जास्त झालंय. आणि शेवटी हे: “साक्षीदार रडून खरं बोलत नाही. त्याला जेवढं विचारतात तेवढंच तो सांगतो, घरी येतो, जेवतो, बढती घेतो, पेन्शन घेतो. हे मी स्वतःवरून सांगतो.”

शेवटचं वाक्य मी कापलं. कारण दिलं जागेचं. खरं कारण असं की मला ते वाक्य आवडलं नाही. तुम्ही माझे टोपीवरून भांडणारे, बूट चमकवणारे सुभेदार भाऊ होता, आणि त्या चार शब्दांत भलताच कुणी डोकावत होता. त्याला मी पानावर येऊ दिलं नाही.

रविवारी पत्र छापून आलं, सोमवारी तुम्ही आलात. कचेरीत नाही, घरी. दारातच विचारलंत, “कोणी कापलं?” मी म्हटलं, मी. “विचारून कापायचं होतं,” तुम्ही म्हणालात आणि खुर्चीवर बसलात. पाणी ठेवलं ते घेतलं नाहीत. मग तुम्ही सांगायला लागलात, आणि थोड्याच वेळात तुमची ती नेटकी शहरी मराठी सुटली आणि तुम्ही भडगावकडच्या तुमच्या गावच्या बोलीत बोलायला लागलात. माझ्याशी तुम्ही तसं कधी बोलला नव्हता.

तुम्ही तेव्हा हवालदार होता, उत्तरेकडच्या एका छावणीत दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याचे प्रमुख. दिवस तणावाचे. तुमच्या हाताखाली एरंडोलजवळचा एक पोरगेला शिपाई होता, सुकलाल. आपल्याकडचा म्हणून तुम्हाला भाऊ म्हणायचा, तुमच्याशी आपल्या बोलीत बोलायचा. एका दुपारी तो फाटकावर उभा असताना त्याची तार आली, आई अत्यवस्थ. तो रडकुंडीला आला. तुम्ही त्याला म्हणालात, “जाय, तार करी ये. मी शे ना.” मी आहे ना. दहा मिनिटांचं काम. तो गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करायला तुम्ही आत वळलात, आणि तेवढ्यात तपासणीला साहेबाची जीप आली. फाटक रिकामं.

कोर्टात तीन अधिकारी होते. तुम्हाला विचारलं, पहारा सोडायची परवानगी देण्याचा तुम्हाला अधिकार आहे का. तुम्ही म्हणालात, नाही साहेब. परवानगी दिली होती का, हे कुणी विचारलंच नाही.

“खोटं एक अक्षर नही बोलनू,” तुम्ही मला म्हणालात. “इचारं तेवढंच सांगं.”

आणि सुकलाल? त्याला विचारलं होतं, कुणाला सांगून गेलास. तो उत्तर देईना. त्याचा बचाव करणारा कॅप्टन त्याला कानात काहीतरी सांगत होता, ढोसत होता. “तो मना तोंडकडे देखी राहिना व्हता,” तुम्ही म्हणालात. तो तुमच्या तोंडाकडे पाहत होता, कारण मोठा माणूस समोर बसलेला असताना लहान्यानं त्याच्याआधी, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नसतं. भाऊ सांगतीलच, असं त्याला वाटलं. अशी चूक आपल्याकडचाच माणूस करू शकतो. शेजारच्या खोलीत तीन अधिकारी धाकट्यापासून सुरुवात करून मतं देणार होते, आणि इकडे हा धाकटा थोरल्याची वाट बघत होता. थोरल्याची बढती यायची होती. थोरला बसून राहिला.

सहा महिने कैद आणि नोकरीतून बडतर्फ. मंजुरी यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे तुम्ही क्वार्टर गार्डासमोरून थाळी घेऊन जात होता. त्याची आई वाचली नाही, आणि त्याला जाऊ दिलं नाही. तो कुणाला काही बोलला नाही, नंतरही नाही. त्याच्या शिक्षेनंतर तुम्ही ते कायद्याचं पुस्तक मिळवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत. लहान मेंबर आधी, ही तुमची आवडती अक्कल तिथून आली होती. मला वाटत होतं, ती मौज आहे.

सांगून झाल्यावर तुम्ही पुन्हा नेटक्या मराठीत आलात. सुकलाल धुळ्याला आहे, देवपुरात पिठाची गिरणी चालवतो, एवढी माहिती तुम्ही काढली होती. “जाऊ का?” तुम्ही विचारलंत. “त्याच्यासमोर उभं राहून सांगू का, की परवानगी मी दिली होती? त्याला माहीतच आहे म्हणा. पण माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं नाही.” आणि मग किंचित हसून, “बोला ताई. लहान मेंबर आधी.”

भाऊ, आठ दिवसांपूर्वी मी छापून टाकलं होतं की उशिरा खरं बोलणारा माणूसही मोठाच असतो. थेटरात माझेही डोळे भरले होते. आणि माझ्या बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर, खराखुरा साक्षीदार उठायला तयार झाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “नका जाऊ. इतक्या वर्षांनी खपली कशाला काढायची? त्याचा संसार लागलाय. तुमचीही तब्येत बरी नसते.”

सगळी कारणं चांगली होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. तुम्ही तिथे गेलात तर तुम्ही दुसरेच कुणी व्हाल, अशी मला भीती वाटली. मला माझे सुभेदार भाऊ होते तसे हवे होते, मॅटिनीला, चहाच्या गाडीवर.

आणि मी आणखी एक केलं. मी चहा टाकायला उठले. नियम असा होता की लहानानं आधी बोलायचं. लहानानंच बोलायचं, असा नव्हता. माझ्यानंतर तुमची पाळी होती. तुम्ही तोंड उघडलं होतं, मी पाहिलं होतं, तरी मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं विचारलं, साखर कमी ना? तुम्ही म्हणालात, हो, कमी. चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र उलगडलेलं होतं. तो विषय आपण पुन्हा काढला नाही. त्यानंतर तीन सिनेमे पाहिले, तिन्हींबद्दल तुम्ही फारसं भांडला नाहीत. दिवाळी झाली आणि एका सकाळी शैलाचा निरोप आला.

तुम्ही माझं लिहिणं सुधारलंत. पडद्यावरच्या माणसाचे बूट बघायला, त्याच्यामागे उभा असलेला कोण आहे ते बघायला तुम्ही शिकवलंत. त्या सिनेमाबद्दल तुमचंच म्हणणं बरोबर होतं, हे आता लिहून देते. त्याच्या पहिल्या दीड तासाची ताकद खरी आहे आणि शेवटची वीस मिनिटं खोटी, कारण ती आम्हा बघणाऱ्यांची सोय बघतात. साक्षीदाराला रडवून ती आम्हाला हलकं करून घरी पाठवतात. मी तर इतकी हलकी झाले होते की आठवड्याभरात तुम्हाला थांबवू शकले.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता वाक्यं जुळवत होते. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात दोघा-तिघांना विचारलं आणि गिरणी सापडली. सुकलाल पन्नाशीच्या आत-बाहेरचा, भुवयांवर पीठ, खांदे अजून ताठ. गिरणी चालू होती, पट्ट्याचा खडखडाट. मी ओरडून सांगितलं की सुभेदार भाऊ गेले. त्यानं मान हलवली, त्याला कळलं होतं. मग मी सुरू केलं, “भाऊंना तुम्हाला सांगायचं होतं की त्या दिवशी...”

त्यानं हात वर केला. “त्यासनी तुम्हले धाडं का?”

“नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या. त्यासनं बोलनं त्यासना संगे गयं.” त्यानं डब्यातलं ज्वारीचं दळण गिरणीत ओतलं, हात झटकले. “ऐकीव चालत नही, ताई. तुम्हनं काय शे?”

माझी सगळी जुळवलेली वाक्यं तुमची होती, भाऊ. माझं एकही नव्हतं. मी म्हटलं, “ते यायला निघाले होते. मला विचारलं. मी त्यांना नका जाऊ म्हटलं.”

खडखडाटात त्याला ऐकू गेलं की नाही, कळेना. त्यानं बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. “परत सांगा,” तो म्हणाला. मी परत सांगितलं, या वेळी हळू आवाजात.

तो पिठाच्या पत्र्यावर बोटं टेकून उभा राहिला. दारात एक बाई दळण घेऊन आली होती, तिला त्यानं हातानंच थांब म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “भाऊ येतात तर मी त्यासले घरमा लेतू का नही, ते माले बी माहीत नही. पन ते ठरावनारा तुम्ही कोन?”

तो रागावला नव्हता, भाऊ. त्यानं खरंच विचारलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत तो गिरणी बंद ठेवून उभा होता.